ऋणाची वही : माद्रिदचे फादर आसीन आणि कोल्हापूरचे माधवराव पटवर्धन

मे महिना आला की आपल्या घराघरांतून फातिमा मातेची तसबीर फुलांनी सजते आणि संध्याकाळी सारे कुटुंब माळेच्या प्रार्थनेला बसते. १३ मे १९१७ रोजी पोर्तुगालमधील एका खेड्याच्या शिवारात मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना पवित्र मरियेचे दर्शन घडले आणि तेव्हापासून त्या खेड्याचे नाव जगभरच्या कॅथलिकांच्या ओठांवर आले. ते नाव मुळात अरबी आहे. इस्लामचे प्रेषित महंमद यांच्या कन्येचे नाव फातिमा होते. त्या भूमीवर मुसलमानांचे राज्य होते त्या काळाची ही खूण. स्थानिक दंतकथा तिचा संबंध एका मूर राजकन्येशी जोडते. आपल्यातील आल्मेडा हे आडनावही असेच. ज्या पोर्तुगीज गावावरून ते आले, त्या गावाचे नाव अरबीतून आलेले आहे असे भाषापंडित सांगतात. वसईला आणि गोव्याला हे आडनाव पोर्तुगीजांबरोबर आले. पोर्तुगीजांना ते अरबांकडून मिळाले होते.

नावांच्या बाबतीत अशी देवघेव कळली की आपण कौतुकाने हसतो आणि पुढे जातो. परंतु हीच गोष्ट धर्मविचाराविषयी किंवा श्रेष्ठ काव्याविषयी कोणी सांगितली तर मन थोडे आखडते. जे आपले म्हणून आपण उराशी धरले, त्यात परधर्मीयांचा वाटा आहे, हे ऐकणे सोपे नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन विद्वानांपुढे हा प्रश्न उभा राहिला. एक माद्रिदचे कॅथलिक धर्मगुरू, अरबीचे प्राध्यापक. दुसरे आमच्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील फार्सीचे जाणकार आणि मराठीचे कवी. दोघे समकालीन, परंतु दोघांची दुनिया अगदी निराळी. दोघांनीही इस्लामी संस्कृतीने आपल्या परंपरेला काय दिले याचा हिशोब मांडला, आणि दोघांची उत्तरे वेगळी निघाली. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असा आमचा येथे उद्देश आहे.

तोलेदोचा दरवाजा

प्रथम थोडी पार्श्वभूमी. इ. स. ७११ मध्ये मुसलमान फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत त्या देशाच्या लहानमोठ्या भागावर त्यांची सत्ता राहिली. १०८५ मध्ये तोलेदो हे शहर ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याच्या हाती आले. शहरात अरबी जाणणारे ख्रिस्ती होते, यहुदी होते, मुसलमान होते आणि अरबी ग्रंथांचे साठे होते. बाराव्या शतकात तेथे भाषांतराचे फार मोठे काम उभे राहिले. आर्चडीकन दोमिंगो गुंदिसाल्वो आणि इटलीहून आलेला क्रेमोनाचा जेरार्ड यांच्यासारख्यांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ॲरिस्टॉटलचे कितीतरी विचारधन युरोपला पुन्हा लाभले ते या वाटेने. आणि त्याच्याबरोबर त्याचे अरबी भाष्यकारही आले. इब्न सीना आणि इब्न रुश्द ही त्यांतील दोन मोठी नावे. लॅटिन पंडितांनी त्यांची नावे आपल्या जिभेला वळतील तशी केली : अविसेन्ना आणि अव्हेरोएस.

संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांत हे दोघे वारंवार भेटतात. वस्तूचे स्वरूप निराळे आणि तिचे असणे निराळे, हा जो भेद संत थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाचा पाया ठरला, त्याच्यामागे इब्न सीना यांचे चिंतन आहे. इब्न रुश्द यांना तर संत थॉमस नावाने न संबोधता नुसते 'भाष्यकार' म्हणतात. म्हणजे भाष्यकार म्हटले की दुसऱ्या कोणाचा विचारच मनात येऊ नये. आदर असला म्हणून सहमती होतीच असे नाही. सर्व माणसांची बुद्धी एकच आहे, या मताविरुद्ध संत थॉमस यांनी १२७० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु ज्याच्याशी वाद घालायचा त्याला पुरता वाचायचा, हा त्यांचा दंडक होता. पोप तेरावे लिओ यांनी १८७९ मध्ये संत थॉमस यांचे तत्त्वज्ञान कॅथलिक शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पुढे १९५५ मध्ये कँडीहून पुण्यास आलेल्या पेपल सेमिनरीसारख्या ज्या ज्या विद्यालयांत धर्मगुरू घडत गेले, तेथे या वाटेने बुखाराजवळच्या इब्न सीना यांचा आणि कॉर्दोबाच्या इब्न रुश्द यांचा थोडासा अंश पोहोचलाच.

फादर आसीन

मिगेल आसीन पालासिओस यांचा जन्म ५ जुलै १८७१ रोजी स्पेनमधील सारागोसा या शहरी झाला. १८९५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. खुलियान रिबेरा या थोर अरबी पंडिताच्या हाताखाली ते शिकले, इस्लामी धर्मवेत्ते अल-गझाली यांच्यावर त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला आणि १९०३ मध्ये माद्रिद विद्यापीठात ते अरबीचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, त्यांनी संत थॉमस आणि इब्न रुश्द यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ कसा घालावा या प्रश्नावर संत थॉमस हे इब्न रुश्द यांच्या अगदी जवळ उभे आहेत, असे त्यांनी त्यात दाखवले. ज्या इब्न रुश्द यांना लॅटिन जगाने नास्तिकांचा गुरू ठरवले होते, ते स्वतः श्रद्धावान मुसलमान होते आणि त्यांना चुकीचे वाचणारे त्यांचे लॅटिन शिष्य होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

खरे वादळ उठले ते १९१९ मध्ये. स्पॅनिश भाषेच्या राजकीय अकादमीत प्रवेश करताना नव्या सदस्याने एक व्याख्यान द्यावयाचे असते. त्या वर्षीच्या जानेवारीत फादर आसीन यांनी विषय निवडला 'डिव्हाइन कॉमेडीतील इस्लामी परलोकविचार'. दान्ते हा ख्रिस्ती युरोपचा महाकवी. त्याच्या मृत्यूला १९२१ मध्ये सहाशे वर्षे पूर्ण होणार होती आणि इटली त्या सोहळ्याच्या तयारीत होती. नेमक्या त्या वेळी एक कॅथलिक धर्मगुरू उठून सांगतो की, नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग यांतून जाणाऱ्या त्या प्रवासाचा आराखडा इस्लामी ग्रंथांत आधीच सापडतो!

फादर आसीन यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रेषित महंमद यांच्या रात्रीच्या प्रवासाच्या आणि स्वर्गारोहणाच्या कथा, ज्यांना मिअराज म्हणतात, मुसलमान जगात शतकानुशतके वाढत गेल्या. त्यांत प्रवाशाला वाटाड्या आहे. थरांमागून थर असलेला नरक आहे. पापाच्या जातीप्रमाणे शिक्षेची जात आहे. एकावर एक चढत जाणारे स्वर्गलोक आहेत आणि अखेरीस डोळ्यांना न पेलणारे तेज आहे. अकराव्या शतकातील आंधळा अरबी कवी अल-मआर्री याने तर परलोकात जाऊन कवींना भेटणाऱ्या, त्यांना प्रश्न विचारणाऱ्या एका साहित्यिकाची कथा लिहिली. दान्तेही वाटेत भेटेल त्या आत्म्याला थांबवून असाच बोलतो. स्पेनमध्ये जन्मलेले सूफी इब्न अरबी यांनी एका तत्त्वज्ञाचे आणि एका श्रद्धावंताचे बरोबरीने स्वर्गारोहण रंगवले. दान्तेच्या नरकाच्या तळाशी आग नाही, बर्फ आहे. आणि कडाक्याच्या थंडीची शिक्षा इस्लामी परलोकवर्णनांत ठळकपणे येते. एखाददुसरे साम्य योगायोगाने घडते. परंतु आराखडा, बारकावे आणि क्रम हे सारेच जुळू लागले तर योगायोगाचा आधार कमी पडतो, हा त्यांचा युक्तिवाद होता.

विरोधकांनी लगेच विचारले : दान्तेला अरबी येत नव्हती, मग हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचले कसे? व्हर्जिलच्या महाकाव्यात पाताळाचा प्रवास होता, संत पौलाच्या नावावर मोडणारी जुनी दर्शनकथा होती, आयर्लंडच्या भिक्षूंच्या दर्शनकथा होत्या. मग अरबांकडे जाण्याची गरज काय? फादर आसीन यांनी दान्तेचा वडीलधारा मार्गदर्शक ब्रुनेत्तो लातिनी याच्याकडे बोट दाखवले. तो १२६० मध्ये स्पेनच्या दहाव्या आल्फोन्सो राजाकडे वकील म्हणून गेला होता. परंतु हा पुरावा अनुमानाचा होता. दान्तेच्या हाती पडू शकेल असा एखादा ग्रंथ दाखवा, असे टीकाकार म्हणत राहिले. १२ ऑगस्ट १९४४ रोजी फादर आसीन वारले तेव्हा तो ग्रंथ पुढे आलेला नव्हता.

पाच वर्षांनी तो आला. १९४९ मध्ये इटलीत एन्रिको चेरुल्ली आणि स्पेनमध्ये होसे मुन्योस सेन्दिनो या दोन अभ्यासकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच मध्ययुगीन ग्रंथ प्रसिद्ध केला. तो मिअराजच्या एका अरबी कथेचा अनुवाद होता. दहाव्या आल्फोन्सोच्या दरबारात आब्राहाम नावाच्या यहुदी वैद्याने ती कथा अरबीतून स्पॅनिशमध्ये आणली होती, आणि १२६४ च्या सुमारास सिएनाच्या बोनाव्हेन्चर नावाच्या इटालियन लेखनिकाने तिची लॅटिन आणि फ्रेंच रूपांतरे केली होती. दान्तेचा जन्म १२६५ चा. म्हणजे दान्ते पाळण्यात येण्यापूर्वीच ही कथा युरोपच्या दोन भाषांत लिहून तयार होती, आणि लिहिणारा दान्तेच्याच तोस्काना प्रांतातला होता! दान्तेने ती वाचली याचा थेट पुरावा यातून मिळत नाही आणि अभ्यासकांतील वाद त्यामुळे संपला नाही. परंतु 'वाटच नव्हती' हे म्हणणे मात्र कायमचे बाद झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दान्तेला इस्लामविषयी प्रेम होते, असे फादर आसीन यांनी म्हटले नाही. त्या काळच्या ख्रिस्ती समजुतीनुसार दान्तेने इस्लामच्या प्रेषितांना फार कठोर वागणूक दिली आहे. आज ते वाचताना संकोच वाटतो. परंतु त्याच दान्तेने इब्न सीना, इब्न रुश्द आणि सुलतान सलाउद्दीन यांना थोर आत्म्यांच्या पंक्तीत, यातनांविना, स्थान दिले. त्यांना बाप्तिस्मा नव्हता हे तो विसरला नाही, आणि ते थोर होते हेही विसरला नाही.

कोल्हापूरचे माधवराव

आता आपल्या शहराकडे वळू. राजाराम महाविद्यालय पूर्वी भवानी मंडपालगतच्या दगडी इमारतीत होते. १९२८ मध्ये तेथे माधव त्र्यंबक पटवर्धन अध्यापक म्हणून आले. मराठी वाचक त्यांना माधव ज्यूलियन या नावाने ओळखतो. २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास जन्म, फार्सी आणि इंग्रजीचे अध्ययन, १९१८ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापन, रविकिरण मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, असा त्यांचा पूर्वपरिचय सांगता येईल. १९२५ मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासाची जुनी कागदपत्रे फार्सी शब्दांनी भरलेली आहेत. तो कोश म्हणजे त्या दप्तरांची किल्ली होती.

कोल्हापूरच्या वास्तव्यात त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीवरून मराठीत आणल्या. ते पुस्तक १९२९ मध्ये निघाले. फिट्झजेराल्डच्या प्रसिद्ध इंग्रजी रूपांतरावरून त्यांनी 'द्राक्षकन्या' निराळी लिहिली. १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' हा संग्रह आला आणि गझल हा फार्सी काव्यप्रकार मराठीत रीतसर स्थापन झाला. 'छंदोरचना' या शास्त्रीय ग्रंथात त्यांनी संस्कृत वृत्ते, मराठी जाती आणि ओवी-अभंग यांच्या शेजारी फार्सी वृत्तांनाही आणून बसवले. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. १९३६ मध्ये जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

असा हा फार्सीचा मर्मज्ञ १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहितो आणि मराठीतून परकीय शब्द दूर करावेत या मताचा पुरस्कार करतो. या चळवळीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते स्वातंत्र्यवीर सावरकर होते. तिचे मूळ आणखी मागे, शिवछत्रपतींच्या आज्ञेने फार्सी राजशब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या 'राज्यव्यवहारकोशा'त सापडते. स्वभाषेत शब्द असताना परका शब्द घेऊ नये, नसला तर नवा घडवावा, हा चळवळीचा आग्रह. तो सर्वस्वी अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. उसने घेण्याची सवय लागली की घडवण्याची शक्ती मंदावते, हे कोणत्याही भाषेला लागू आहे. आज इंग्रजी शब्दांच्या लोंढ्यात उभे राहून आपण हे अधिक चांगले समजू शकतो. आणि फार्सीचा कोश ज्याने स्वतः रचला, त्याला मराठीत काय काय मिसळले आहे हे इतरांहून अधिक दिसत असणार.

तरीही प्रश्न उरतो. या चळवळीने 'तारीख' काढून 'दिनांक' दिला, तो रुजला. आपल्या चर्चच्या सूचनाफलकावर आज 'दिनांक' असतो. परंतु फलक वाचून घरी आलेला माणूस 'मिस्सा किती तारखेला?' असेच विचारतो. बाजार, दुकान, जमीन, शहर, कायदा, वकील, हजर हे सारे फार्सीच्या वाटेने आले आणि राहिले. आपल्या भक्तीच्या भाषेतही ते आहेत. आपण पापांची 'कबुली' देतो, तो शब्द अरबी. आपण ज्याचा धिक्कार करतो तो 'सैतान' मूळ हिब्रू कुळातला खरा, पण मराठीत आला तो अरबी-फार्सीच्या तोंडून. वर आरंभी आम्ही फातिमा मातेची 'तसबीर' लिहिली, तोही त्याच घरचा.

शब्द वेचून काढता येतात; काव्याचा साचा काढता येत नाही. माधवराव २९ नोव्हेंबर १९३९ रोजी अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी गेले. त्यांनी लावलेली गझल मात्र वाढली. सुरेश भट यांनी तिला घराघरांत नेले, आणि त्यांच्या १९८३ च्या संग्रहाचे नाव 'एल्गार'. तो शब्दही फार्सीतूनच मराठीत आलेला. शुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांपेक्षा गझल आणणाऱ्या माधवरावांचे काम अधिक खोल गेले, असे आम्हांला वाटते.

दोन हिशोब

आता दोन्ही विद्वानांच्या वह्या उघडून पाहू. फादर आसीन ऋण लपवत नाहीत. पानापानावर लिहून ठेवतात. परंतु शेवटी एक चमत्कारिक नोंद करतात. त्यांच्या मते इस्लामी सूफींनी आपली साधना आरंभी पूर्वेकडील ख्रिस्ती भिक्षूंकडून घेतली होती. म्हणून इब्न अरबी यांच्यावरील १९३१ च्या ग्रंथाला त्यांनी 'ख्रिस्ती झालेला इस्लाम' अशा अर्थाचे नाव दिले. १९३३ मध्ये त्यांनी क्रुसाचे संत योहान यांच्या 'काळोख्या रात्री'च्या विचाराला रोंदा गावच्या इब्न अब्बाद या सूफीमध्ये पूर्वसूरी शोधला. तेव्हाही त्यांची धारणा अशीच होती की ख्रिस्ती धर्माने जे दिले होते तेच फिरून ख्रिस्ती धर्माकडे परत आले. म्हणजे कर्ज घेतले खरे, पण मुद्दल आमचेच होते! पुढच्या पिढीतील अभ्यासकांना हे पटले नाही. सूफी साधनेची मुळे कुराणाच्या मननात आणि मुसलमानांच्या स्वतःच्या प्रार्थनाजीवनात आहेत, हे फ्रान्सचे लुई मासिन्यों यांनी विस्ताराने दाखवले. आणि तेही श्रद्धावान कॅथलिकच होते.

माधवरावांची वही निराळी. तेथे कर्जाची यादी कोशाच्या रूपाने पूर्ण आहे, पण ती हाती आल्यावर कर्ज परत करून मोकळे व्हावे असा आग्रह आहे. एकाने ऋण मान्य करून ते आपल्याच खात्यात वळते केले. दुसऱ्याने ऋण मान्य करून ते परत पाठवू पाहिले. दोघांनाही ऋण तसेच, दुसऱ्याचे म्हणून, उघड्या डोळ्यांनी बाळगणे जड गेले. आम्ही हे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. या दोघांनी वर्षानुवर्षे अरबी-फार्सी ग्रंथांत डोळे शिणवले नसते तर आपल्याला ऋणाची कल्पनाही आली नसती. परंतु एवढ्या मोठ्या माणसांनाही जे जड गेले, ते आपल्यालाही जड जाणार हे ओळखून असावे.

दोघांत आणखी एक भेद आहे. शब्दाचे ऋण आणि विचाराचे ऋण सारखे नसते. 'तारीख' ऐवजी 'दिनांक' लिहिला तर अर्थ बिघडत नाही. संत थॉमस यांच्या ग्रंथांतून इब्न सीना काढून टाकले तर मात्र भिंतच खचेल. म्हणून धर्मविचाराच्या प्रांतात शुद्धीकरणाचा मार्ग मुळातच बंद आहे.

आपला वाटा

हा विषय आपल्या, महाराष्ट्रातील कॅथलिक कुटुंबांच्या, जिव्हाळ्याचा का आहे? 'तुमचा धर्म बाहेरून आला' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकले आहे. तेव्हा आपण अभिमानाने फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेतो. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य. एका इंग्रज येशूसंघीयाने ओवी उचलली, पुराणाची रीत उचलली, मराठीची थोरवी गायली. आपण म्हणतो, मराठीने आमचे हे देणे विसरू नये. ही मागणी रास्त आहे. परंतु त्याच ग्रंथात आपले घेणेही आहे : ओवी ज्ञानदेवांची आणि एकनाथांची, स्टीफन्स यांनी ती त्यांच्याकडून घेतली.

त्याच काळात गोव्याहून गेलेले दुसरे येशूसंघीय, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या भावकीतील फादर जेरोम झेवियर, अकबर बादशहाच्या दरबारी होते. १६०२ मध्ये त्यांनी प्रभू येशूचे चरित्र फार्सीत सिद्ध केले. त्यांची फार्सी घासूनपुसून देणारा अब्दुस सत्तार हा मुसलमान विद्वान होता. फादर जेरोम १६१७ मध्ये गोव्यात वारले, फादर स्टीफन्स १६१९ मध्ये. प्रभूची एकच कथा एका पिढीत एकाने ओवीत सांगितली, एकाने फार्सीत. दोघांनाही परधर्मीयांच्या भाषेवाचून आणि साहाय्यावाचून ती सांगता आली नसती.

मराठीत शेख महंमद श्रीगोंदेकर यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. मुसलमान घरातील हा संत वारकऱ्यांना आपला वाटतो. आमच्या कोल्हापुरात तर हे ऋण कानांनी ऐकू येते. राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँ यांना दरबारी आश्रय दिला. त्यांची गायकी गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात उतरली आणि आज ती महाराष्ट्राचे वैभव म्हणून ओळखली जाते. याच महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे केले. येथे कोणी कोणाचे किती घेतले याचा हिशोब मागितला नाही. पण नाव मात्र घेतले जाते. अल्लादियाखाँसाहेबांचे नाव काढताना त्यांच्या घराण्याचा गवई आजही कानाला हात लावतो.

कानाला हात लावण्याची ही जी रीत आहे, ती आम्हांला दोन्ही वह्यांपेक्षा बरी वाटते. ती ऋण फेडीत नाही, स्वतःच्या खात्यात वळवीत नाही, परतही पाठवीत नाही. ती फक्त नाव घेते आणि मग गाऊ लागते.

पवित्र ख्रिस्तसभेनेही अशीच भाषा स्वीकारली आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि मागील वैमनस्य मागे टाकून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन केले. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, दान्तेच्या सातशेव्या स्मृतिवर्षात, त्याच पोप फ्रान्सिस यांनी दान्तेवर प्रेषितीय पत्र लिहून त्याला आशेचा कवी म्हणून गौरवले. दान्तेवरील प्रेम आणि मुसलमानांशी बंधुता ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे फादर आसीन यांच्या व्याख्यानानंतर शंभर वर्षांनी जगाने पाहिले.

वाचकहो, स्टीफन्स यांचे देणे मराठीने मानावे असे आपल्याला वाटत असेल, तर संत थॉमस यांच्यावरील इब्न सीना यांचे देणे आपण आधी मानले पाहिजे. ज्या मापाने आपण मागतो, त्या मापाने देण्याची तयारी असावी. ही तयारी घरापासून सुरू करता येते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना संत थॉमस यांची गोष्ट सांगताना, त्यांच्या मेजावर कॉर्दोबाच्या एका मुसलमान न्यायाधीशाचा ग्रंथ उघडा असे, एवढेही सांगावे. त्याने मुलांची श्रद्धा कमी होणार नाही. उलट सत्य कोठूनही आले तरी ते देवाकडूनच आलेले असते, हा संत थॉमस यांचा विश्वास त्यांच्या मनात रुजेल. आणि येत्या मे महिन्यात माळ हाती घेताना कुणा मुलाने 'फातिमा म्हणजे काय?' असे विचारलेच, तर त्याला ते नाव कोणत्या घरातून आपल्याकडे आले तेही सांगावे.